संख्येची गरज नसलेली आघाडी

संमिश्र सरकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आकड्यांची जुळवाजुळव उभी राहते. बहुमताला जेवढे सभासद कमी पडतात तेवढे मित्र शोधायचे, हा त्यातला सरळ हिशेब. पण स्वतंत्र भारताचे पहिलेच मंत्रिमंडळ अनेक मतांच्या माणसांचे होते आणि त्यामागे असला कोणताही हिशेब नव्हता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

या कथेचा एक धागा आपल्या नाशिकमध्येच सापडतो. सातपूरहून शहरात येऊन गोदावरी ओलांडली की पंचवटीतले काळाराम मंदिर लागते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९३४ पर्यंत नेटाने चालवला. तरी दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. काँग्रेसशी त्यांचा वाद तर त्याहून कडवा होता. १९३२ च्या पुणे कराराची जखम भरलेली नव्हती आणि १९४५ साली त्यांनी काँग्रेस व गांधीजींच्या कार्यावर घणाघाती टीका करणारा ग्रंथ लिहिला होता. असा हा पुरुष १५ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री झाला, तो कसा?

याआधी एक संमिश्र सरकार देशाने पाहिले होते. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार स्थापन झाले आणि २६ ऑक्टोबरला मुस्लिम लीगचे मंत्री त्यात सामील झाले. एका टेबलाभोवती बसलेले हे मंत्री एकमेकांचे सहकारी कधी झालेच नाहीत. अर्थखाते लियाकत अली खान यांच्याकडे असल्याने इतर खात्यांच्या खर्चाच्या नाड्या त्यांच्या हाती होत्या आणि खटके रोज उडत होते. देश एक राहावा की नाही, या मूळ प्रश्नावरच एकमत नसल्यावर सरकार एक राहणार कसे?

फाळणीनंतर चित्र पालटले. काँग्रेसजवळ आता भरभक्कम बहुमत होते. बाहेरच्या कोणाचीही तिला गरज नव्हती. तरीही नेहरूंसह चौदा जणांच्या मंत्रिमंडळात पक्षाबाहेरच्या व विरोधी मतांच्या व्यक्ती सन्मानाने घेण्यात आल्या. हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योगमंत्री झाले. जस्टिस पक्षाच्या परंपरेतले षण्मुखम् चेट्टी यांच्याकडे अर्थखाते आले, शिखांचे सरदार बलदेव सिंग यांच्याकडे संरक्षण आणि पारशी समाजाचे कु. हो. भाभा यांच्याकडे व्यापार. बंगालमधून निवडून आलेल्या बाबासाहेबांची घटना समितीतील जागा फाळणीमुळे गेली, तेव्हा काँग्रेसच्याच पाठिंब्याने ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. महाराष्ट्रातले दुसरे मंत्री पुण्याचे काकासाहेब गाडगीळ.

आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे की, या चौदांत दोन ख्रिस्ती होते. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर आणि रेल्वेमंत्री डॉ. जॉन मथाई. फाळणीच्या त्या भयाण महिन्यांत निर्वासितांनी खच्चून भरलेल्या गाड्या चालवण्याची जबाबदारी मथाईंच्या खात्यावर पडली. त्या गाड्यांत बसणाऱ्यांचा धर्म कोणता, याचा हिशेब करायचा नव्हता. अमृत कौर यांनी क्षयरोगाविरुद्ध बी.सी.जी. लसीची मोहीम उभी केली आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विधेयक १९५६ साली त्यांनीच मांडले. अल्पसंख्य समाजातली माणसे सर्वांच्या कामाला लागली की त्यांचे स्थान आपोआप पक्के होते, हा धडा त्यातून मिळतो.

हे मंत्रिमंडळ टिकले का? जसेच्या तसे नाही. चेट्टी १९४८ मध्ये बाहेर पडले. पाकिस्तानशी झालेल्या कराराच्या वेळी, एप्रिल १९५० मध्ये, मुखर्जींनी राजीनामा दिला. चेट्टींच्या जागी अर्थमंत्री झालेले मथाई त्याच वर्षी नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून बाजूला झाले. त्यांच्या जागी आपले चिंतामणराव देशमुख आले. हिंदू कोड बिलाची उपेक्षा असह्य होऊन बाबासाहेब सप्टेंबर १९५१ मध्ये बाहेर पडले.

तथापि या सरकारला अपयशी म्हणता येणार नाही. माणसे एकत्र होती तेवढ्या काळात निर्वासितांचे पुनर्वसन सुरू झाले, संस्थाने विलीन झाली आणि बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीने सिद्ध केलेली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली. सोडून गेलेल्यांनीही वैर न धरता लोकशाहीचाच मार्ग धरला. मुखर्जींनी जनसंघ स्थापला व ते लोकसभेत गेले. बाबासाहेब १९५२ मध्ये निवडणूक हरले, पण राज्यसभेत जाऊन बसले. ज्या हिंदू कोड बिलापायी त्यांनी पद सोडले, त्याचे मुख्य भाग १९५५-५६ मध्ये कायदे होऊन आलेच.

नाना प्रांतांतून पोटासाठी सातपूरच्या कारखान्यांत आलेल्या आणि एकाच मंदिरात प्रार्थनेला जमणाऱ्या आपल्या कुटुंबांना यातले मर्म उमगायला जड जाऊ नये. आपल्या बाजूला हात पुरेसे वर होत असतानाही न पटणाऱ्या माणसाला बैठकीला बोलावावे, त्याच्या योग्यतेचे काम त्याच्या हाती द्यावे, आणि तो निघून गेला तर दार उघडे ठेवावे. चौदा जणांच्या त्या मंत्रिमंडळाने एका नवजात राष्ट्राला हेच शिकवले. काळारामाच्या बंद दारापाशी थांबवल्या गेलेल्या माणसाकडून देशाने आपली घटना लिहून घेतली, ती या शिकवणीमुळेच.