घोडा नसलेले पिस्तूल

बंदुकीच्या अवयवांना मराठीने दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. नळी, दस्ता, कान, रंजक, चाप. आणि या सर्वांत मानाचा तो घोडा. बोलताना आपण चाप आणि घोडा यांची सर्रास गल्लत करतो आणि ‘घोडा दाबला’ असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः बोटाने ओढावयाचा तो चाप. आणि चाप ओढताच वरून झेप घेऊन टोपीवर आदळतो तो घोडा. या घोड्याचा एक मोठा गुण असा, की तो दिसतो. तो मागे चढलेला असला म्हणजे बंदूक जागी आहे आणि उतरलेला असला म्हणजे निजलेली आहे, हे दहा पावलांवरच्या माणसालाही कळते. शस्त्राने आपल्या मनातला हेतू असा उघड्यावर मांडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

पिस्तुलांच्या एका मोठ्या कुळातून हा घोडा नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी पोटात एक खीळ आणि तिच्यामागे एक कमान असते. कमान ताणली जाते, चाप ओढला की खीळ सुटते आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर घाव घालते. इंग्रजीत या खिळीला स्ट्रायकर म्हणतात. बाहेरून पाहावे तर सारे गुळगुळीत. कमान ताणलेली आहे की सैल, हे बहुधा नजरेला कळत नाही. ते कारखानदाराच्या शब्दावर मानावे लागते. हा शब्द किती वेळा खोटा ठरला आणि खोटा ठरल्यावर कारखानदारांनी काय केले, याचा इतिहास मला येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. परंतु त्यासाठी आरंभ केला पाहिजे तो चांद्याच्या जंगलापासून. कारण घोड्याच्या बंदुकीचा अगदी जुना वंश तेथे कालपरवापर्यंत नांदत होता, आणि तिच्यातला दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे कोणाला कधी पडला नव्हता.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आणि चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले जमवून बंड पुकारले. त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. देशभरच्या त्या उठावानंतर सरकारने शस्त्रांवर परवान्याची बेडी घातली आणि १८७८ च्या कायद्याने ती पक्की केली. तरी वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या काठच्या रानांत ठासणीची बंदूक टिकून राहिली. कोणाकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची, कोणाकडे बिनपरवान्याची. तिकडे तिला भरमार म्हणतात. नावातच वापरण्याची रीत आली: आधी भरा, मग मारा. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासावयाचे.

भरमारीचा दोष सर्वांना ठाऊक असतो. घोड्याच्या मुळाशी, आतल्या चकतीवर दोन खाचा असतात. घोडा अर्धा चढवला की चापाची अडकण पहिल्या खाचेत बसते आणि बंदूक उडू नये अशी अपेक्षा असते. पुरता चढवला की ती दुसऱ्या खाचेत जाते आणि बार तयार होतो. पण गावठी लोखंड झिजते, खाच गुळगुळीत होते, आणि अर्ध्यावर ठेवलेला घोडा फांदीचा धक्का लागताच सुटतो. बरे, घोडा पुरता उतरवून टोपीवर टेकवून ठेवावा, तर बंदूक दगडावर पडताच घोड्यावरचा आघात टोपीला पोचतो आणि बार होतो. म्हणून जाणता शिकारी टोपी बंदुकीवर ठेवीतच नाही. ती कनवटीला, नाहीतर वेगळ्या डबीत. आणि नेम धरण्याच्या वेळीच कानावर चढवावयाची. येथे सुरक्षितता यंत्रात नाही, माणसाच्या सवयीत आहे. ती सवय कशातून येते? दोष ठाऊक असण्यातून. ज्या लोहाराने घोडा घडवला तो चार कोसांवर असतो. त्याने ही बंदूक बिनधोक आहे असे कधी म्हटलेले नसते आणि घेणाराही तसे समजत नाही.

कारखान्यात तयार होणाऱ्या शस्त्राने हा व्यवहार बदलला. महाराष्ट्राच्या इतिहासात या नव्या शस्त्राने प्रवेश केला तो ब्राउनिंग या नावाने. १९०९ च्या आरंभी लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली. आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगनेच. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याची खिशात मावणारी पिस्तुले बेल्जममधल्या लीएजजवळच्या एर्स्ताल येथील कारखान्यात तयार होत. १९०० च्या त्याच्या नमुन्यात घोडा बाहेर नव्हता, आत खीळ होती. १९०६ चे चिमुकले पिस्तूलही तसेच.

आता खिशात ठेवावयाचे पिस्तूल म्हणजे किल्ल्या, नाणी आणि रुमाल यांच्या शेजारी ताणलेली कमान. १९०६ च्या नमुन्याला आरंभी मुख्य अटकाव होता तो मुठीच्या मागच्या बाजूचा. मूठ नीट आवळल्यावाचून खीळ सुटू नये अशी ती योजना. पण घाईने खिशात हात घालणारा माणूस मूठ आवळतोच. दोन-तीन वर्षांतच त्यावर अंगठ्याने फिरवावयाचा खटका आला. १९१० च्या नमुन्यात तर तीन अटकाव झाले: मुठीचा, अंगठ्याचा, आणि मॅगझिन काढले असता चाप बंद ठेवणारा. साराजेव्होत १९१४ साली आर्चड्यूक फर्डिनंडवर झाडलेले पिस्तूल याच १९१० च्या नमुन्याचे. या साऱ्या सुधारणा पुढच्या गिऱ्हाइकासाठी असत. ज्याने आधीचे पिस्तूल विकत घेतले होते त्याच्या खिशात जुनेच पिस्तूल राहिले.

पुढे सैन्यात आणि पोलिसात बराच काळ घोड्याच्याच पिस्तुलांची चलती राहिली. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूलही ब्राउनिंगच्याच उत्तरकालीन घोडेवाल्या नमुन्यावर बेतलेले आहे. बदल झाला तो १९८२ मध्ये. गडचिरोली जिल्हा जन्माला आला त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टोन ग्लॉक या गृहस्थाचे पिस्तूल पसंत केले. या गृहस्थाने तोवर पडद्यांचे गज आणि सैनिकांच्या सुऱ्या बनविल्या होत्या. पिस्तूल कधीच बनविले नव्हते. त्याच्या पिस्तुलाचे अंग प्लास्टिकच्या जातीचे, घोडा नाही, आणि अंगठ्याचा खटकाही नाही. अटकाव तीन, पण तिन्ही चापाशी जोडलेले. चापाच्या मध्यावरची छोटी पट्टी दाबल्याशिवाय चाप हलत नाही. चाप मागे येईपर्यंत खिळीच्या वाटेत एक अडसर उभा असतो. आणि पिस्तूल पडले तरी खिळीची अडकण खाली घसरू नये अशी खोबण असते. कमान आधी अर्धवट ताणलेली. उरलेली ताण बोटाने द्यावयाची.

युक्ती उत्तम होती. परंतु सारे अटकाव चापाला बांधल्यामुळे चाप हाच एकुलता एक दरवाजा झाला. सफाईसाठी पिस्तूल उघडताना चाप ओढावा लागतो. नळीत काडतूस राहून गेले असेल तर सफाई तेथेच आटोपते. अमेरिकेतल्या पोलीस खात्यांत अशा चुकार गोळ्यांच्या तक्रारी वाढल्या. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्यावर उपाय केला तो असा, की चापाची कमान जड करावी. नेहमीच्या साडेपाच पौंडांच्या ओढीऐवजी सुमारे बारा पौंडांची ओढ. म्हणजे यंत्राच्या मोकळेपणाची किंमत शिपायाच्या बोटाने भरावयाची. १९९२ मध्ये खुद्द ग्लॉकने जुन्या पिस्तुलांतले खीळ, अडसर वगैरे आतले काही भाग फुकट बदलून देण्याची योजना काढली. तिला नाव दिले ‘अपग्रेड’, म्हणजे दर्जावाढ. दोष हा शब्द त्यात नव्हता. दर्जावाढ ही हौसेची गोष्ट आहे, ती राहिली तरी चालते; दोष राहिला तर चालत नाही. शब्दाच्या या फरकावर किती जुनी पिस्तुले पेटीतच राहिली असतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

तुलनेसाठी २००८ चे उदाहरण घ्यावे. रुगर या अमेरिकन कारखान्याने एसआर-९ हे घोडा नसलेले पिस्तूल आदल्याच वर्षी बाजारात आणले होते. अंगठ्याचा खटका उघडा असता ते पडले तर उडू शकते, असे आढळताच कारखान्याने ‘परत बोलावणी’ असे स्पष्ट नाव देऊन, वापर थांबवा असे सांगून, भाग फुकट बदलून दिले. आभाळ कोसळले नाही. कारखाना आजही चालू आहे.

सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र सिग सावर या कारखान्याच्या पी-३२० चे. २०१४ मध्ये निघालेले हे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने स्वीकारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बातमी पसरली, की ते विशिष्ट कोनात, मागच्या अंगावर पडले तर उडते. कारण ऐकले म्हणजे आश्चर्य वाटते. एस.टी.ने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण उतारू पुढे जातो. तसेच पिस्तूल जमिनीवर आदळून थांबते, पण जड चाप आपल्या वजनाने मागे जातच राहतो, आणि बोटाचे काम बोटावाचून होते. ठराविक कोनांतून पाडून घ्यावयाच्या प्रमाणित चाचण्या हे पिस्तूल उत्तीर्ण झाले होते. जमीन मात्र ठराविक कोन विचारीत नाही. डॅलसच्या पोलिसांनी ते वापरातून काढले आणि कारखान्याने चाप, अडकण आणि खीळ हलकी करून, शिवाय एक नवा तोडखटका घालून दुरुस्ती जाहीर केली. नाव पुन्हा तेच: ‘ऐच्छिक दर्जावाढ’. सैन्याच्या चाचण्यांतही हा दोष दिसला होता आणि सैन्याच्या पिस्तुलांत हलके भाग बसविण्यात आले होते, हे जानेवारी २०१८ च्या सरकारी अहवालातून लोकांना कळले.

दुरुस्तीनंतरही प्रकरण मिटले नाही. म्यानात असतानाच पिस्तूल उडाले, चापाला हात लागला नव्हता, असे सांगत अनेकजण, त्यांत पोलीसही, न्यायालयात गेले. २०२४ मध्ये जॉर्जियातील ज्यूरीने तेवीस लाखांहून अधिक आणि फिलाडेल्फियातील ज्यूरीने एक कोटी दहा लाख डॉलर भरपाई ठरविली. कारखान्याचे म्हणणे आजही असे, की चाप ओढल्यावाचून हे पिस्तूल उडत नाही. आणि काही दावे कारखान्याच्या बाजूनेही निघाले आहेत. यात निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. परंतु एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहणारे सरकारी मंडळ १९७२ च्या कायद्याने स्थापन झाले. त्याच कायद्याने खऱ्या बंदुका त्याच्या अधिकाराबाहेर ठेवल्या. पोराच्या खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले तर ते मंडळ बाजारातून परत मागवू शकते, खरे पिस्तूल मागवू शकत नाही. म्हणजे दुरुस्ती ‘ऐच्छिक’ असते हे अक्षरशः खरे आहे. ती सक्तीची करणारा कोणी नाहीच.

आता पुन्हा गडचिरोलीकडे वळू. १९९० साली तेथे पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले, आणि त्या जंगलातून गस्त घालणाऱ्याला शस्त्र पडणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यातला नाला ओलांडताना, निसरड्या खडकावर, बांबूच्या बेटात, रात्रीच्या तळावर अंग टेकताना, शस्त्र आपटते. कोन ठरवून कोणी पडत नाही. घोडा नसलेली पिस्तुले आता आपल्या देशातही काही निवडक पथकांच्या कमरेला आली आहेत, पुढे वाढतीलही. त्यांना माझा विरोध नाही. अडसर नीट असेल तर ती भरमारीपेक्षा शतपटीने सुरक्षित आहेत, यात शंका नाही. शंका आहे ती वेगळीच. गोळी अवेळी सुटली की पहिली चौकशी होते ती माणसाची: बोट कोठे होते, म्यान कसे होते, कवायत विसरला काय? भरमार उडाली तर त्या चौकशीत अन्याय नाही. कारण तिचा दोष धरणाऱ्याला ठाऊक होता. पण ज्या पिस्तुलाचा दोष कारखान्याला ठाऊक आणि धरणाऱ्याला अज्ञात, तेथे तीच चौकशी अन्याय होते. टोपी वेगळ्या डबीत ठेवण्याची सवय त्या शिपायाला लागणार कशी? ती कशासाठी लावून घ्यावयाची, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीतल्या गावांनी आपल्या भरमारी पोलिसांकडे आणून दिल्या आहेत. ती बंदूक गेली ते बरेच झाले. तिने माणसे आणि रान दोन्ही जखमी केली. तिच्याबरोबर एक जुना रोखठोक व्यवहारही जाईल: घडवणाऱ्याने दोष न लपवण्याचा आणि घेणाऱ्याने तो ओळखून वागण्याचा. नवे शस्त्र ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यासाठी एवढेच मागणे योग्य वाटते, की कारखान्याने बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर, तो का बदलला आणि जुना भाग काय करू शकत होता, हे चार ओळींत, समजेल अशा भाषेत, ठाण्याच्या शस्त्रागारापर्यंत पोचावे. ‘दर्जा वाढला’ एवढे कळून भागत नाही. कालपर्यंत कमरेला काय लटकत होते, ते कळले पाहिजे.