डालग्याखालचा दवाखाना

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडे मुंगसाने फाडलेली गावरान कोंबडी घरीच बरी करण्याची रीत अडाणीपणातून आली नाही. ब्रिटिश काळातले पशुवैद्यक खाते घोड्यांसाठी, गुरांसाठी उभे राहिले. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही १९५८चे. त्यामुळे कोंबडी बायांच्याच हाती राहिली. त्या जखमेभोवतीची पिसे कापत, मिठाच्या कोमट पाण्याने धूत, हळद-तेल भरत आणि तिला डालग्याखाली एकटी ठेवत. हे वेगळे ठेवणे फार शहाणपणाचे, कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. हळदीने काय होते, असे कोणी म्हणेल. पण हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरच अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवले. मात्र जखम पोटात उतरली किंवा अळ्या पडल्या, तर हळद पुरत नाही. तेव्हा दवाखानाच गाठावा.