चंदीगढची खुर्ची : पाठ, प्रती आणि कर्तृत्व

वास्तुकलेतून स्फुरलेले ‘शाश्वत’ फर्निचर हा विषय रचनाशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आता रुळला आहे. तेथे त्याचा विचार प्रायः द्रव्याच्या अंगाने होतो : लाकूड कोठले, पुनर्वापर किती, वाहतूक किती लांबची. प्रस्तुत निबंधात याच विषयाकडे पाठचिकित्सेच्या अंगाने पाहावयाचे आहे आणि त्यासाठी चंदीगढच्या सरकारी कचेऱ्यांतील खुर्ची निवडली आहे. या खुर्चीवर अक्षरे आहेत, तिच्या प्रती आहेत, प्रतींत पाठभेद आहेत. आणि तिचा कर्ता कोण हा प्रश्न बाजारपेठेने अभ्यासकांची वाट न पाहता परस्पर सोडवून टाकला आहे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे भारतीय पंजाबला नवी राजधानी उभारणे भाग पडले. अल्बर्ट मेयर यांनी पहिला आराखडा केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर काम ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतबंधू पिएर जॅनरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य यांच्याकडे आले. कॉर्ब्युझिए अधूनमधून येऊन जात, फ्राय व ड्रू तीन वर्षांनी परतले. जॅनरे मात्र 1951 पासून 1965 पर्यंत तेथेच राहिले. नव्या शहराला न्यायालय, सचिवालय, विद्यापीठ, ग्रंथालये आणि कर्मचाऱ्यांची घरे हवी होती. या सर्व इमारतींत बसावयाचे कशावर, हा प्रश्न अखेर त्यांच्यापुढे आला.

येथे एक मागचा दुवा लक्षात घ्यावयास हवा. 1929 च्या पॅरिसमधील शरद प्रदर्शनात कॉर्ब्युझिए, जॅनरे आणि शार्लॉट पेरियाँ यांनी मिळून पोलादी नळ्यांचे फर्निचर मांडले होते. यंत्रयुगाची घोषणाच ती. पुढे पेरियाँ 1940 मध्ये जपानला गेल्या आणि त्यांनी त्याच आरामखुर्चीचा आकार बांबूत उतरवून पाहिला. जॅनरेंच्या हाती चंदीगढमध्ये आले ते सागवान, शिसवी आणि वेत. एकच कृती पोलादातून बांबूत आणि सागात जाताना काय गमावते, काय नव्याने कमावते, हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये असा प्रश्न आहे. बांबूच्या बाबतीत याला रूपांतर म्हणता येईल. चंदीगढच्या बाबतीत तो शब्द पुरत नाही. तेथे मूळ आकारच सुटला आणि उरली ती विचारपद्धती.

ती पद्धती वास्तुकाराची होती. या खुर्चीच्या दोन्ही बाजूंस दोन चौकटी असतात. प्रत्येक चौकटीचे पाय उलट्या ‘व्ही’ या रोमन अक्षराच्या आकाराचे, वर हात टेकण्याची पट्टी, आणि दोन चौकटींच्या मध्ये बैठक व पाठ अडकविलेली. भार वाहणारे अंग एक, जागा भरणारे अंग दुसरे, हा आधुनिक इमारतीचा न्याय येथे हातभर उंचीवर लागू झाला आहे. विटांच्या जाळीतून वारा खेळविणारी घरे जॅनरेंनी याच शहरात बांधली. वेताच्या विणीकडे त्या जाळीच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ती शोभेसाठी नाही हे ध्यानात येते. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात गादीपेक्षा विणलेली बैठक सुसह्य होते, एवढे साधे कारण. शिवाय तेच पाय मेजालाही लागतात. एखाद्या धातूला निरनिराळे प्रत्यय लागून शब्दांचे कुटुंब तयार व्हावे, तसा हा प्रकार.

कर्तृत्वाचा गुंता मात्र येथूनच सुरू होतो. आराखडे वास्तुकार-कार्यालयातून निघत. प्रत्यक्ष नग स्थानिक सुतार करीत. त्यामुळे एकाच आराखड्याच्या खुर्च्यांत पायांची जाडी, पाठीचा कल, लाकडाची जात यांत फरक सापडतो. आराखड्याला संहिता मानले तर सुतार हा लिपिकार ठरतो. पण आपल्याकडील पोथ्यांचा अनुभव असा, की चांगला लिपिकार केवळ उतरवून घेत नाही, तो समजून उतरवितो. जॅनरेंच्या भोवतीचे भारतीय वास्तुकारही निव्वळ मदतनीस नव्हते. युली चौधरी (1923–1995) यांचा फर्निचरच्या रचनेत सहभाग होता. त्यांना फ्रेंच उत्तम अवगत होते, आणि कॉर्ब्युझिए यांच्या मानवी वसाहतींच्या तीन प्रकारांविषयीच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही त्यांनी केला. या खुर्च्यांच्या इतिहासात एक अनुवादिका मध्यभागी उभी असावी आणि लिलावाच्या सूचींत मात्र बहुधा एकट्या जॅनरेंचेच नाव असावे, यात मला तरी योगायोग दिसत नाही. बाजाराला नाव एकच हवे असते.

‘शाश्वत’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपल्या परंपरेत हे विशेषण आत्म्यास लागते, खुर्चीस नव्हे. ही खुर्ची मुळीच शाश्वत नाही. तिचा वेत वापराने झिजतो, तुटतो. तो पुन्हा विणावा लागतो आणि विणणारा कारागीर जवळपास असावा लागतो. सागवान दीर्घकाळ टिकते, वेत टिकत नाही, आणि ही दोन वयोमाने एकमेकांपासून सुटी ठेवली आहेत, हीच तिच्या रचनेतील खरी दूरदृष्टी. परदेशातून मागवावा लागेल असा एकही भाग तीत नाही. ‘दुरुस्तीयोग्य’ हा शब्द रुक्ष खरा, पण येथे तोच नेमका आहे.

दुरुस्ती थांबली तेव्हा खुर्ची भंगारात गेली. वेत तुटलेले नग गच्च्यांवर, कोठारांत साचले. कचेऱ्यांनी ते जुने सामान म्हणून लिलावात काढले. युरोपातील व्यापाऱ्यांनी ते घेतले, नव्याने विणून, पुसून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथे विकले; एकेका नगाला लाखो रुपये येऊ लागले. 2019 मध्ये इटलीतील कॅसिना या कंपनीने याच आकारांची नवी मालिका काढली, ती जॅनरेंना मानवंदना म्हणून. अनेक जुन्या नगांच्या मागच्या बाजूस रंगाने खात्याची आद्याक्षरे व नोंदक्रमांक घातलेले असतात. सामान चोरीस जाऊ नये म्हणून कोणा कारकुनाने घातलेली ही अक्षरे आता अस्सलपणाचा पुरावा झाली आहेत. पोथीच्या अखेरीस जशी पुष्पिका, तशी ही. फरक इतकाच की पुष्पिकेत लिपिकार आपले नाव सांगतो आणि येथे फक्त कचेरी बोलते.

अमेरिकन कलावती एमी सिगल यांचा ‘प्रोव्हेनन्स’ (2013) हा चित्रपट हा प्रवास उलट क्रमाने दाखवितो : आधी संग्राहकांची घरे, मग लिलावगृह, मग जहाज, शेवटी चंदीगढ. निवेदन नाही. कथनक्रम उलटविल्याने मूल्य क्रमाक्रमाने उतरत जाते आणि अखेरीस खुर्ची पुन्हा खुर्ची होते. त्याच वर्षी सिगल यांनी हा चित्रपट स्वतः लंडनमध्ये लिलावात विकला.

भारतीय कायद्यापाशी या प्रश्नाला शब्दच अपुरे पडले. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार पुरावस्तू ठरण्यास सर्वसाधारणपणे किमान 100 वर्षे लागतात. हस्तलिखितांना 75 पुरतात. म्हणजे 1955 ची खुर्ची वयाच्या जोरावर 2055 पूर्वी संरक्षणास पात्र होत नाही. दुसरी वाट ‘कलानिधी’ घोषित करण्याची; पण कर्ता हयात असेतो अशी घोषणा करता येत नाही, असे त्याच अधिनियमात आहे. अर्थात कर्ता कोण हे आधी ठरले पाहिजे. केंद्रीय गृहमंत्रालयाने 2011 मध्ये या वस्तूंची विक्री व निर्यात रोखणारा आदेश काढला, तो या वाटा टाळूनच. देशाबाहेर आधीच गेलेल्या नगांना तो अर्थातच लागू होत नाही. शहरात 12,000 हून अधिक वारसा-नगांची नोंद झाली. त्यांतले कित्येक आजही कचेऱ्यांत आणि वाचनालयांत वापरात आहेत, आणि त्यांचा वेत तुटला की तो पुन्हा विणणे ही नेहमीची देखभाल मानावी की मूळ संहितेत केलेला बदल, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.