बॉनेट उघडतं, पुढे काय?

शुक्रवारी सकाळी ईसा टाउनच्या बाजारात चक्कर मारायची ही आमची जुनी खोड. गेल्या महिन्यात तिथे चिरंजीवांसाठी एक धातूची खेळण्यातली मोटार घेतली. दारं उघडतात, बॉनेट उघडतं... आणि आत इंजिन म्हणून प्लॅस्टिकचा एक ठोकळा! "बाबा, हे फिरत का नाही?"

मला एकदम फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड आठवलं. १९३० साली जनरल मोटर्सच्या या विभागाने अमेरिकेतल्या मुलांसाठी (हो, फक्त मुलांसाठी, मुलींना प्रवेश नव्हता!) एक स्पर्धा काढली. नकाशे मिळायचे, त्यावरून नेपोलियनच्या थाटाच्या घोडागाडीची छोटी प्रतिकृती करायची. तयार भाग विकत आणायची सोय नाही. चाकं, स्प्रिंगा, बिजागऱ्या, आतली गादीसुद्धा स्वतःच्या हातांनी. आणि बक्षीस? पाच हजार डॉलरची कॉलेजची शिष्यवृत्ती, तीही ऐन महामंदीत! एखाद्या घराचं नशीबच पालटायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडागाडी मागे पडली आणि १:१२ मापात स्वतःच्या कल्पनेतली मोटार करायची स्पर्धा उरली. १९४७ च्या विजेत्यांपैकी चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. १९६८ मध्ये स्पर्धा बंद पडली. असो.

पण त्या गाड्याही इंजिनावर धावणाऱ्या नव्हत्याच. इंजिन खरोखर चालवायचं म्हटलं की भूमिती सूड उगवते. मिसुरीतले अभियंते लुई शेनो यांनी ड्युसेनबर्ग या जुन्या आलिशान गाडीची १:६ प्रतिकृती केली, चालत्या इंजिनासकट. दहाएक वर्षं लागली. का? लांबी सहापट घटली की आकारमान २१६ पट घटतं. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन उरतं जेमतेम ३२ घन सेंटिमीटर! पृष्ठभाग मात्र ३६ पटच घटतो, म्हणजे आकारमानाच्या मानाने उष्णता पळायला सहापट जागा. पेट्रोलच्या थेंबांना तर तुमच्या मापाशी काही देणंघेणंच नसतं. माझ्या डॉक्टरेटची दीड वर्षं अशीच एक इवलीशी ज्योत विझू न देण्यात गेली. शेवटी बर्नर गुपचूप थोडा मोठा केला आणि प्रबंधात त्याला 'सुधारित भूमिती' म्हटलं. शेनोंना ती पळवाट नव्हती, माप सोडलं तर प्रतिकृती कसली!

आपल्याकडे शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय असायचा, आठवतो? आठवीत मी दुकानातून आणलेली कागदी फुलं 'स्वतः केली' म्हणून दिली होती. मार्क चांगले पडले.

सध्या चिरंजीवांनी तो ठोकळा स्क्रू काढून बाहेर काढलाय. पिस्टनसाठी काय वापरायचं यावर काल रात्री आमचा वाद झाला. मी म्हणतो पितळी नळी, तो म्हणतो पेनाचं टोपण.