टर्नटेबलची लांबी

लंडनच्या कॅम्डेन भागातील ‘राउंडहाउस’ हे मालगाड्यांच्या इंजिनांसाठी उभारलेले वर्तुळाकार इंजिनघर १८४७ साली पूर्ण झाले. व्यास १६० फूट. मध्यभागी ३६ फुटी टर्नटेबल आणि त्याभोवती किरणांसारखे पसरलेले रूळ. येथे २३ इंजिने उभी राहत. सरळ शेडमध्ये आतले इंजिन काढण्यासाठी पुढची हलवावी लागतात. येथे प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे बाहेर येई. शंकूच्या आकाराचे छप्पर २४ ओतीव लोखंडी खांबांनी तोलले होते.

मात्र सारी व्यवस्था टर्नटेबलच्या लांबीला बांधलेली होती. इंजिने लांब होत गेली आणि दहाएक वर्षांतच हे इंजिनघर अपुरे ठरले. १८७१ पासून सुमारे अर्धशतक तेथे मद्याचे गोदाम होते; १९६४ नंतर ते कलाकेंद्र झाले आणि नूतनीकरणानंतर २००६ मध्ये पुन्हा खुले झाले.

नियोजन फसले, वास्तू टिकली. यंत्राचे आयुष्य आणि इमारतीचे आयुष्य ही दोन वेगळी खाती आहेत. निर्लेखनाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करताना आपण पहिल्याबरोबर दुसरेही बंद करून टाकतो. भक्कम छपराखालच्या मोकळ्या जागेचे मूल्य ताळेबंदात शून्य दिसले, तरी ते शून्य नसते.