तळटीप : जाळीचे चौकोन

१. लेखिकेने उल्लेखिलेले चौकोन म्हणजे क्रोशातले ‘ग्रॅनी स्क्वेअर’. त्यांची कृती १८८५ मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकेतल्या शेतीविषयक नियतकालिकात छापून आली होती. मजकुरात विणकामाची माहिती गृहीत धरली आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर. मधल्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालायचे आणि गटांमध्ये साखळ्या. या साखळ्यांच्या जागा म्हणजेच चार कोपरे. पुढच्या फेरीपासून सुई खांबांच्या माथ्यात न घालता आधीच्या फेरीतल्या मोकळ्या जागेत घालायची. त्यामुळे वीण भराभर होते आणि जाळी आपोआप पडते. कोपऱ्यात दोन गट, बाजूच्या जागेत एक. असे दर फेरीला चार गट वाढतात. कोपऱ्यातल्या साखळ्या घालायच्या राहिल्या, तर चौकोन वाटीसारखा वळतो. दर फेरीला रंग बदलता येत असल्याने उरलीसुरली लोकरही कारणी लागते, आणि या विणीचे खरे सौंदर्य मला त्यातच दिसते. ब्लँकेटला लोकर उत्तम. उन्हाळी कपड्यांना मात्र सुती दोराच घ्यावा. तो लोंबतो, म्हणून चौकोन लहान ठेवावेत. धाग्यांची टोके प्रत्येक चौकोन संपताच आत ओवून टाकावीत, जोडणीपर्यंत साठवू नयेत. — संपा.