वाणसामानाचे दुकान आणि गाडीची जागा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत वाणसामानाचे दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा ट्रामच्या वाटेवर असे. हाताला पेलवेल तेवढेच सामान घरी येई. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ या दुकानात गिऱ्हाइकाला स्वतः माल उचलू दिला.

खरी उलथापालथ मायकेल कलन यांनी केली. महाग भाड्याच्या पेठेपासून थोडे बाजूला, गाड्यांना मुबलक जागा असलेले प्रचंड दुकान, ही त्यांची कल्पना. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, एका रिकाम्या गॅरेजमध्ये ‘किंग कलन’ उघडले. कमी भाडे, कमी नफा, मोठी विक्री असे हे गणित होते. ये-जा करण्याचा खर्च मात्र गिऱ्हाइकावर पडला. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी सामानाची ढकलगाडी आणली आणि खरेदीचा आकार वाढला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक शहरांच्या नियमांनी दुकानाच्या क्षेत्रफळानुसार पार्किंग सक्तीचे केले. ही चूक फार महागात पडली: पुष्कळ ठिकाणी दुकानापेक्षा त्यापुढचे डांबरी मैदान मोठे झाले आणि गाडी नसलेल्या वृद्धांना, गरिबांना ताजी भाजीसुद्धा दुरावली. बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती उठवली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आतील बहुतेक बांधकामांना तिच्यातून मोकळे केले.